फोटो कुठे उभं राहून काढला, ते आधी शोधा

प्रश्न थोडक्यात असा. घरातल्या थोरल्यांच्या मागे एक पत्र्याची पेटी उरली. तिच्यात खोऱ्यातल्या गावांचे जुने फोटो आणि चित्रं छापलेली पोस्टकार्डं मिळून दीडशेच्या आसपास नग निघाले. मोजक्यांच्या मागे काही खरडलेलं आहे, बाकीचे मुके. यातून खोऱ्याचा इतिहास लिहायचा म्हणून सालवार लावायला घेतले, तर पहिल्या वीस नगांतच गाडं अडलं. आता पुढे कसं जायचं?

गाडं लवकर अडलं हे बरं झालं. पंचवीसेक वर्षं मी जुन्या फोटोंवरून गावांचा इतिहास जुळवण्याचं काम करते आहे. सालवार लावून पक्के केलेले आणि पुढे पार उलगडावे लागलेले संग्रह इतके पाहिलेत, की आता माझं पहिलं सांगणं ठरलेलं असतं: साल तूर्त राहू द्या, फोटो काढणारा कुठे उभा होता ते शोधा. नग जागेवार लावा.

याला कारण आहे. खोऱ्यात बाकी सगळं बदलतं. नदी पात्र सोडते, झाडं वाढतात आणि पडतात, घरं जळतात, रस्ता रुंद होतो, पूल वाहून जातो. डोंगराची कड मात्र शंभर-दीडशे वर्षांत डोळ्यांना कळेल इतकी सहसा हलत नाही. ज्या फोटोत आभाळाला टेकलेली कड दिसते, त्या फोटोवर त्याचा पत्ता लिहिलेलाच असतो. सपाट मुलखात काम करणाऱ्यांना ही सोय नाही. शिवाय जागा एकदा सापडली की ती सापडली, त्यात ‘अंदाजे’ राहत नाही. सालाचं तसं नसतं, ते नेहमी ‘याच्या आधी’ आणि ‘त्याच्या नंतर’ अशा दोन भिंतींमध्ये अडकलेलं असतं. आणि एकाच जागेवरून काढलेले सात-आठ फोटो एकत्र आले की ते एकमेकांची सालं सांगू लागतात. एकात तारेचे खांब आहेत, दुसऱ्यात नाहीत. एकात नदीकाठचं झाड छपराइतकं आहे, दुसऱ्यात छपराच्या दुप्पट. क्रम आपोआप लागतो. त्यातल्या एखाद्याचं साल बाहेरून कळलं की बाकीचे जागच्या जागी बसतात.

पण त्याआधी पेटीला एक सांभाळायचं आहे. नग ज्या क्रमाने पडले आहेत तो क्रम मोडू नका. प्रत्येक थराचा वरून एक फोटो काढा आणि त्याच क्रमाने आकडे घाला. एकाच पाकिटात असलेले चार फोटो बहुधा एकाच हातून, एकाच निमित्ताने आलेले असतात, आणि हा पुरावा दुसरीकडे कुठेच लिहिलेला नसतो. आकडा फोटोच्या मागे, कडेला, मऊ शिशाच्या पेन्सिलीने, फोटो कडक पृष्ठभागावर पालथा ठेवून, अजिबात दाब न देता लिहा. बॉलपेनची शाई पुढे झिरपते आणि दाबाचा वळ चित्राच्या बाजूला कायमचा उमटतो. ज्या नव्या फोटोंच्या पाठीला प्लॅस्टिकचा थर असतो त्यांच्यावर पेन्सिल धरत नाही, तिथे आकडा पाकिटावर घाला. अल्बमला चिकटलेले फोटो उपटू नका, पान आहे तसंच स्कॅन करा. पानावर कोण कोणाच्या शेजारी चिकटवलंय हीही माहितीच आहे.

आता दहापट दाखवणारं भिंग घ्या. प्रत्येक कार्डाकडे आधी भिंगातून बघायचं, चित्रात काय आहे ते नंतर. ठिपक्यांची सरळ जाळी दिसली तर ते छापखान्यात छापलेलं आहे. ठिपके नसून सुरकुतलेल्या सायीसारखे बारीक, वाकडेतिकडे कण दिसले तर बहुधा कोलोटाइप, म्हणजे तेही छापीलच, फक्त जुन्या आणि महागड्या पद्धतीचं. आणि कितीही जवळ गेलात तरी काळ्यातून करड्यात सलग उतरत जाणारा रंग दिसला, तर तो खरा फोटो आहे, पोस्टकार्डाची पाठ असलेल्या कागदावर उतरवलेला.

हा फरक फार मोठा आहे. छापील कार्ड विकण्यासाठी शेकड्यांनी किंवा हजारांनी निघायचं. खऱ्या फोटोचं कार्ड एखाद्या घराने स्वतःसाठी पाचच प्रती काढून घेतलेलं असू शकतं. १९०३ मध्ये कोडॅकने ३ए नावाचा घडीचा कॅमेरा आणला. त्याची निगेटिव्ह सव्वातीन बाय साडेपाच इंच, म्हणजे जवळजवळ पोस्टकार्डाएवढीच, त्यामुळे मोठं न करता थेट कार्डावर उतरवता यायची. त्यानंतर दूरदूरच्या गावांत हौशी माणसांनी आणि फिरत्या फोटोवाल्यांनी असली कार्डं काढली. पूर आला, आग लागली, पूल पडला, की दोन दिवसांत कार्ड तयार. शहरातल्या छापखान्याला ज्यात रस नव्हता ते सगळं या कार्डांत सापडतं. तुमच्या पेटीत अशी दहा असली तरी ती बाकीच्या शंभरांपेक्षा मोलाची समजा. १९१४ पासून कोडॅकच्या काही कॅमेऱ्यांना मागे एक छोटी झडप असायची, ती उघडून फिल्मच्या कडेवर टोकदार काडीने टिपण लिहिता येई. फोटोच्या कडेला हाताने लिहिलेलं साल किंवा नाव दिसलं तर ते नंतर कोणी घातलेलं नसून फोटो काढणाऱ्यानेच लिहिलेलं असण्याचा संभव आहे.

मग कार्डाची पाठ. टपालखात्याचं पहिलं पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं, त्यावर चित्र नव्हतं. चित्रांची कार्डं रुळली तेव्हाही बराच काळ नियम असा होता की एक बाजू फक्त पत्त्यासाठी. म्हणून त्या काळच्या कार्डांवर चित्राखाली किंवा बाजूला पांढरी जागा सोडलेली दिसते आणि मजकूर तिथे कोंबलेला असतो. पाठीच्या मधोमध रेघ मारून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता, ही मुभा ब्रिटनने १९०२ मध्ये सर्वांत आधी दिली. फ्रान्स, जर्मनी मागोमाग आले, अमेरिकेत ती १ मार्च १९०७ पासून मिळाली. पाठीवर मधली रेघ नसेल तर कार्ड त्या त्या देशातल्या या तारखेच्या आधी छापलेलं असणार. खऱ्या फोटोच्या कार्डावर तिकिटाच्या चौकोनात फोटोकागदाचं नाव असतं. ‘अझो’ नावाच्या कागदावर त्या चौकोनाच्या कोपऱ्यांतले चारही त्रिकोण वर तोंड करून असतील तर तो साधारण १९०४ ते १९१८ मधला, दोन वर आणि दोन खाली असतील तर त्यानंतरचा, असं संग्राहक धरतात. कागद कपाटात पडून राहून नंतरही वापरला जाऊ शकतो, म्हणून याला आधाराचा टेकू समजा, निकाल समजू नका.

टपालाच्या शिक्क्याबद्दल सगळ्यात जास्त चुका होतात. शिक्क्यावरचं साल हे कार्ड टाकल्याचं साल आहे. फोटो त्याच्या आधीचा, एवढंच त्यातून कळतं. किती आधीचा, ते नाही. दुकानात तीच निगेटिव्ह दहा-पंधरा वर्षं चालायची. माझ्या एका संग्रहात लाकडी पुलाचं कार्ड होतं. शिक्का वाचून आम्ही पुलाची अखेर त्या सालानंतरची धरली आणि तसं लिहूनही टाकलं. पुढे बांधकामाचे कागद सापडले. कार्ड टपालात पडलं त्याच्या बारा वर्षं आधीच पूल काढून टाकलेला होता. दुकानदाराने जुनी कार्डं संपवली, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हापासून मी प्रत्येक नगापुढे तीन वेगवेगळी सालं लिहिते: फोटो काढल्याचं, छापल्याचं, टाकल्याचं. बहुतेक वेळा पहिला रकाना रिकामा राहतो, आणि तो तसाच रिकामा ठेवायचा.

कार्डाच्या कोपऱ्यात छोटा आकडा असेल तर तो टिपून ठेवा. मोठे प्रकाशक प्रत्येक निगेटिव्हला नोंदणी क्रमांक देत. डंडीच्या व्हॅलेंटाइन कंपनीचा फोटोसंग्रह आज स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात आहे आणि तिच्या क्रमांकांवरून चित्र कोणत्या साली नोंदलं गेलं ते लावता येतं. असा एक क्रमांक तुमच्या दहा कार्डांचा प्रश्न सोडवू शकतो.

आता मुख्य कामाकडे येते. जागा शोधायची कशी?

फोटोत एक जवळची आणि एक लांबची अशा दोन गोष्टी शोधा, ज्या आजही जागेवर आहेत आणि फोटोत एकावर एक आलेल्या आहेत. समजा, घराचा कोपरा बरोबर त्यामागच्या डोंगरातल्या खाचेखाली येतो. त्या कोपऱ्यातून आणि त्या खाचेतून नकाशावर सरळ रेघ मारून अलीकडे आणा. फोटो काढणारा या रेघेवर कुठेतरी उभा होता. आता अशीच दुसरी जोडी शोधा: पुलाचा खांब आणि त्यामागचा सुळका. दुसरी रेघ मारा. दोन रेघा जिथे छेदतील तिथे त्याचे पाय होते. तिसरी जोडी मिळाली तर खात्री होते.

ही रीत इतकी पक्की का, ते समजून घ्या, म्हणजे तिच्यावर विश्वास बसेल. कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या आड येते हे फक्त डोळा कुठे आहे त्यावर ठरतं. कॅमेऱ्याचं भिंग कोणतं होतं, कॅमेरा केवढा होता, फोटो नंतर किती कापला, याने त्यात काडीचाही फरक पडत नाही. म्हणून हातातल्या फोनने दीडशे वर्षांपूर्वीच्या काचेच्या निगेटिव्हशी बरोबरी करता येते. फोटोची मोठी प्रत घेऊन जागेवर जा. जवळची वस्तू लांबच्या वस्तूपेक्षा डावीकडे सरकलेली दिसली तर तुम्ही जास्त उजवीकडे आला आहात, डावीकडे चला. उजवीकडे सरकली असेल तर उजवीकडे चला. छप्पर मागच्या नदीकाठाला झाकत असेल आणि फोटोत झाकत नसेल तर वर चढा. हे पाच-दहा वेळा केलं की शेवटी पावलाच्या अंतरापर्यंत पोचता येतं. एका पावलाने चित्र बिघडतं आणि मागे घेतलं की जुळतं, तेव्हा तुम्ही त्या माणसाच्या जागी उभे असता. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणी माझ्या अंगावर काटा येतो.

हे शास्त्र नवं नाही. जर्मन गणिती सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी १८८८ च्या सुमारास टिरोलमधल्या हिमनद्यांचे फोटो ठरलेल्या जागांवरून पुन्हा पुन्हा काढायला सुरुवात केली, तेव्हापासून ही रीत चालत आली आहे. अमेरिकेत १९७७ पासून मार्क क्लेट आणि सोबत्यांनी १८७० च्या आसपासच्या सर्वेक्षणांतले फोटो त्याच जागी जाऊन पुन्हा काढले. त्या सर्वेक्षणांतला फोटोकार टिमथी ओसलिव्हन याने १८६९ मध्ये युटातल्या वेबर खोऱ्यात काढलेला खडकांचा फोटो प्रसिद्ध आहे. त्यातले सुळके जमिनीतून तिरपे उसळल्यासारखे दिसतात. क्लेट यांचे सोबती रिक डिंगस यांनी १९७८ मध्ये त्याच जागी उभं राहून कॅमेरा सरळ धरला, तेव्हा उघड झालं की ओसलिव्हनने कॅमेराच कलता धरला होता. शंभरहून अधिक वर्षं लोक तो चढ खरा समजत होते. घरात बसून फोटोकडे कितीही टक लावली असती तरी हे कळलं नसतं.

जागा सापडली की फोटो उलटा तर छापलेला नाही ना, हेही कळतं. काचेची निगेटिव्ह पालथी पडली की डावं-उजवं बदलतं, आणि डागेरोटाइप व टिनटाइप (थेट धातूच्या पत्र्यावर उमटवलेले जुने फोटो) तर मुळातच आरशासारखे उलटे असतात. डोंगराची कड कुठेच जुळत नसेल तर प्रत उलटी करून बघा. आणि तरीही जुळली नाही तर कदाचित फोटो तुमच्या खोऱ्याचा नसेलच. प्रकाशक नावं चुकवत, एकच चित्र दोन गावांच्या नावांनी विकत. कार्डावर ठळक अक्षरांत छापलेलं नाव हा त्या कार्डावरचा सगळ्यात कमी भरवशाचा पुरावा आहे.

जागेच्या जोडीला सावल्या. उभं राहण्याची जागा आणि दिशा कळली की खांबाच्या सावलीवरून सूर्य कुठे होता ते काढता येतं, आणि त्यावरून दिवसाची वेळ आणि वर्षातला काळ. अडचण एक आहे: सूर्य वर्षात दोनदा त्याच वाटेने जातो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली सावली आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातली सावली जवळपास सारखीच. कोणता महिना ते मग पिकावरून, पाण्यावरून, झाडाच्या पानांवरून ठरवायचं. खोऱ्यात आणखी एक साधन हाताशी असतं. डोंगराची स्वतःची सावली समोरच्या उतारावर कुठवर आली आहे ती रेघ एखाद्या घड्याळाच्या काट्यासारखी वाचता येते.

आता फोटो कुठे फसवतो, याबद्दल. जुन्या काचा, म्हणजे काचेच्या निगेटिव्ह, निळ्या उजेडाला हळव्या आणि लाल रंगाला आंधळ्या होत्या. म्हणून आभाळ कोरं पांढरं, लाल कौलं आणि लाल कापड जवळजवळ काळं, निळा दरवाजा पांढरट. सगळे रंग बऱ्यापैकी तोलून टिपणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या १९०६ च्या सुमारास, आणि गावोगावी पोचायला त्याहून उशीर लागला. फोटोत कोणी काळे कपडे घातलेत म्हणून घरात सुतक होतं असं लिहू नका, ते लाल असतील. कोऱ्या आभाळात सुंदर ढग दिसले तर ते दुसऱ्या निगेटिव्हमधून आणून बसवलेले असू शकतात. मी एकदा तीन वेगवेगळ्या गावांच्या कार्डांवर तोच ढग पाहिला आहे. रंगीत कार्डांबद्दल तर विशेष सावध राहा. पहिल्या महायुद्धाआधी त्यांची छपाई मोठ्या प्रमाणावर जर्मनीत होई. रंग भरणाऱ्याने ते खोरं जन्मात पाहिलेलं नसायचं, काळ्या-पांढऱ्या फोटोवर तो मनाने रंग चढवायचा. चांदण्या रात्रीची कार्डं म्हणजे बहुधा भर दुपारचा फोटो, त्यावर निळा थर आणि एक चंद्र.

नदीचं पाणी दुधासारखं गुळगुळीत दिसलं तर वारा पडलेला होता असा अर्थ नाही, कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण बराच वेळ उघडं होतं इतकंच. हलणारी माणसं तेवढ्या वेळात नाहीशी होतात. फोटोकलेच्या जनकांपैकी एक असलेल्या डागेरने १८३८ मध्ये पॅरिसमधला एक गजबजलेला रस्ता टिपला, त्यात फक्त बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस उरला, कारण तोच स्थिर होता. जुन्या फोटोंवरून ‘तेव्हा गाव किती शांत होतं’ असं लिहिलेलं वाचलं की मला वाईट वाटतं. गाव शांत नव्हतं. काम करणारी माणसं हलत होती म्हणून ती काचेवर उमटली नाहीत, आणि मग इतिहासातूनही गेली.

यातूनच पुढचं काम निघतं, आणि जागेवार लावण्याचं खरं फळ इथे मिळतं. सगळ्या उभं राहण्याच्या जागा एका नकाशावर ठिपक्यांनी मांडा आणि प्रत्येक ठिपक्यापासून कॅमेरा जिकडे बघत होता तिकडे बाण काढा. चित्र बघून तुम्ही चकित व्हाल. ठिपके पुलाजवळ, रस्त्याच्या वळणावर, जिथे गाडी थांबते तिथे दाटलेले असतील. १८८० च्या आधीचे फोटो तर रस्त्याला चिकटूनच सापडतील. तेव्हा काच ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवावा लागे, म्हणजे अंधारी राहुटी, रसायनं आणि पाणी सोबत वाहून न्यावं लागे. कोरड्या काचा बाजारात रुळल्या तेव्हाच फोटोवाला वरच्या पाड्यांपर्यंत चढू शकला. नकाशावर जिथे एकही बाण पोचत नाही ती जागाही नोंदवा. मागची गल्ली, भूमिहीनांची वस्ती, गिरणीच्या आतली बाजू, भर पावसाळा. पोस्टकार्ड हे वाटसरूसाठी केलेलं असे, त्याला जे विकत घ्यावंसं वाटेल तेच त्यात येई. त्या रिकाम्या जागांची नावं इतिहासात स्पष्ट लिहा, नाहीतर कार्डांनी जे खोरं दाखवलं तेवढंच खोरं होतं असं वाचणाऱ्याला वाटेल.

उलट, काही गोष्टी फोटोवाल्याने लक्षही न देता टिपलेल्या असतात आणि त्या आज सोन्यासारख्या आहेत. मागच्या उतारावरचं रान, बांध, पायवाटा, पाण्याचे पाट. कॅनडात डोंगरांची मोजणी करण्यासाठी काढलेल्या हजारो काचेच्या निगेटिव्ह जपलेल्या आहेत. त्या मोजणीतले एम. पी. ब्रिजलँड यांनी १९१५ मध्ये जॅस्पर भागात काढलेले फोटो पुढे ऐंशीएक वर्षांनी संशोधकांनी त्याच जागांवरून पुन्हा काढले. पूर्वी मोकळी कुरणं होती तिथे दाट जंगल चढलेलं दिसलं. जंगल सगळीकडे घटतच आलंय असं धरून चालणाऱ्यांना हा धक्का होता. तुमच्या खोऱ्यात काय निघेल ते आधी ठरवून जाऊ नका.

माणसांकडे फोटो न्यायचे ते असे. मूळ नग घरी, सोबत मोठ्या प्रती. एका वेळी एकाच माणसाला दाखवा. चौघांत बसून दाखवलं की ज्याचा आवाज मोठा त्याचंच उत्तर सगळ्यांचं होतं. ‘हा अमक्याचा वाडा ना?’ असं विचारू नका, कारण ‘हो’ म्हणणं सोपं असतं. फोटो हातात द्या आणि गप्प बसा. पहिलं मिनिट शांत जाऊ द्या, त्यानंतर जे येतं ते खरं. समूहाच्या फोटोवर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक डोक्यावर आकडा घाला, नाहीतर ‘डावीकडून तिसरा’ यात मागची रांग धरायची की नाही हा वाद संपत नाही. कोणी काय सांगितलं, कधी सांगितलं, हे नावानिशी टिपा, दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा. बायकांची नावं आवर्जून विचारा. जुन्या नोंदींत त्या नुसत्या कोणाच्या तरी बायको किंवा आई असतात, आणि त्यांची खरी नावं सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत. हे काम नकाशाच्या कामाच्याही आधी करा, डोंगर थांबतील.

आणखी एक, जे मला फार उशिरा उमगलं. पोस्टकार्ड टाकलं की ते खोऱ्याबाहेर जातं. म्हणजे तुमच्या खोऱ्याची टाकलेली कार्डं खोऱ्यात नाहीतच, ती दूर कुठे तरी, ज्यांना मिळाली त्यांच्या नातवंडांच्या कपाटात आहेत. पेटीत जी कोरी कार्डं आहेत ती न टाकलेली, घरी राहिलेली. म्हणून शोध बाहेर घ्या. खोरं सोडून गेलेली कुटुंबं, इथे चाकरीवर येऊन परतलेल्यांचे वारस, जुन्या कार्डांचे व्यापारी. आणि मजकूर पूर्ण वाचा. ‘फुली मारली आहे ती आपली खोली’ अशी एक ओळ आणि चित्रातल्या खिडकीवर शाईची फुली, यातून त्या इमारतीत भाडेकरू राहत होते हे कळतं, जे कोणत्याच दप्तरात नसेल. मात्र तो मजकूर कोणाचं तरी खासगी बोलणं आहे. छापण्याआधी घरच्यांना विचारा. कार्ड तुमच्या मालकीचं असलं म्हणजे चित्राचा हक्क तुमचा होत नाही, हेही ध्यानात असू द्या. युरोपीय संघात तो हक्क फोटोकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो, इतर देशांचे नियम वेगळे.

स्कॅनिंगचं थोडक्यात सांगते. दोन्ही बाजू, काळा-पांढरा असला तरी रंगीत स्कॅन, निदान ६०० पीपीआय (इंचाला ६०० बिंदू), टिफ फाइल (तपशील न गाळणारी). साडेपाच बाय साडेतीन इंची कार्डाची ३३०० बाय २१०० बिंदूंची प्रतिमा मिळते, ती भिंगाच्या कामाला पुरते. ठिपके घालवणारी किंवा ‘सुधारणारी’ सोय बंद ठेवा. जुन्या फोटोत आपोआप रंग भरणारी, अंधूक चेहरे स्पष्ट करणारी जी साधनं आली आहेत ती अभ्यासाच्या प्रतीला अजिबात लावू नका. ती चेहरा शोधत नाहीत, नवा रचतात. कोणाच्या तरी आजीच्या जागी अस्तित्वातच नसलेली बाई बसते, आणि पुढे तीच आजी म्हणून फिरत राहते.

निगेटिव्ह असतील तर काचा पालथ्या रचू नका, लांब कडेवर उभ्या ठेवा. फिल्मला व्हिनेगरचा वास येत असेल तर ती वेगळी काढा, तिची झीज सुरू झाली आहे आणि शेजारच्या फिल्मलाही ती लागते. पिवळी, चिकट झालेली जुनी फिल्म नायट्रेटची असू शकते. ती फार वेगाने पेट घेते. घरात ठेवू नका, स्कॅनरवर घालू नका, जवळच्या अभिलेखागाराला विचारा. फोटोंना चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको.

शेवटी एक फोटो सांगते. एका पेटीत निव्वळ रिकाम्या उताराचा एक फोटो होता. माणूस नाही, घर नाही, खाली भिंतीचा तुकडा आणि पलीकडे नदी. सगळे म्हणाले, फुकट गेलेली काच असेल. मी दोन जोड्या धरून रेघा मारल्या आणि जागेवर गेले, तर ती मोकळी पडीक जमीन. आडवं सगळं जुळत होतं, पण भिंत नदीला झाकत होती आणि फोटोत नदी भिंतीच्या वर स्वच्छ दिसत होती. काठीला फोन बांधून वर वर नेला. जमिनीपासून चारेक मीटरवर चित्र जुळलं. चार मीटर हवेत कोण उभं राहील? जुना मोजणीचा नकाशा काढला, तर त्या ठिकाणी दुमजली शाळा. पाडली गेली त्याला साठ वर्षं झाली होती.

मग पेटीतले बाकीचे ‘फुकट गेलेले’ उतार काढून बघितले. डोंगरातली तीच खाच, तीच भिंत, आणखी पाच फोटोंत. एकात उतार नांगरलेला, एकात पाण्याखाली, एकात धुकं. शाळेतलं कोणीतरी ऋतू बदलला की त्याच खिडकीशी येऊन उभं राहत होतं. कोण ते अजून कळलेलं नाही. सहाही फोटोंच्या मागे मी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: शाळेच्या माडीवरून, उत्तरेकडची खिडकी.